उंचवट्याची दुसरी बाजू

"आणि हा हादरा आला कुठून?"

बुवांनी कागद नाकाजवळ धरून विचारलं. चष्मा कपाळावर होता. तो तिथं आहे हे वृंदानं त्यांना सांगितलं नाही. गुरूला चष्मा दाखवायचा नसतो, एवढी रीत तिला माहीत होती.

"जमिनीतून," ती म्हणाली.

"बरं झालं. मला वाटलं, आभाळातून."

वृंदा हसली नाही. तिच्या शोधनिबंधाला हसणारं माणूस तिला कधीच आवडलेलं नाही.

बुवा म्हणजे त्र्यंबक आगलावे, नागपुरात आम्हाला भूशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. आडनाव आगलावे आणि जन्म घालवला बर्फात, म्हणून आम्ही वर्गात खिदळायचो. मे महिन्याच्या उन्हात घाम पुसत हा माणूस फळ्यावर हिमनद्या काढायचा. पुढं कॅनडाच्या मधल्या गवताळ मुलखात ते एका उन्हाळ्यापुरते म्हणून गेले, जमिनीचा नकाशा करायला, आणि परत आलेच नाहीत. ना लग्न, ना मूलबाळ, ना अंगाला राख. तरी आम्ही त्यांना बुवा म्हणायला लागलो आणि तेच नाव चिकटलं.

तो मुलूख सपाट असायला हवा. तो सपाट नाही. नजर पोचेल तिथवर गवतानं झाकलेले उंचवटे आहेत, कुठं घराएवढे, कुठं देवळाएवढे. ताडपत्रीखाली धान्याची पोती झाकून ठेवावीत तसे दिसतात. मधल्या खोलगटांत पाणी साचलेलं. झाड औषधालाही नाही. वारा मात्र चोवीस तास. असल्या ठिकाणी बुवांचं लाकडी घर एकटंच उभं होतं आणि सगळ्यांत जवळचा शेजारी गाडीनं जावं लागेल इतका लांब होता.

वृंदा बोकारे त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. हे आम्ही सगळेच मान्य करायचो, आणि ती आमच्याही आधी करायची. पुढं ती विभागप्रमुख झाली. झाली म्हणजे, नुकतीच तिनं ती खुर्ची सोडली होती. पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःला जराही वाचवलं नाही.

त्या दिवशी सकाळी ती भाड्याची गाडी चालवत बुवांच्या दारात उतरली. बुवांनी तिच्याकडं पाहिलं, मग गाडीच्या मागच्या सीटवरच्या दोन भल्यामोठ्या बॅगांकडं.

"एका निबंधासाठी एवढं सामान?"

"मी राहायला आलेय, सर."

बुवा बॅगांकडंच बघत राहिले.

"प्रफुल्ल गेला ते कळवलं होतं तुम्हाला. एकदम गेला. घरात आता मला बसवत नाही. नोकरीचा राजीनामा दिला. तुम्ही राहता तशी मीही इथं राहीन. काम करीन, नकाशे पुरे करीन, तुम्हाला त्रास देणार नाही. मला ठेवून घ्या."

प्रफुल्ल तिचा नवरा. एवढं बोलायला तिला किती जड गेलं असेल ते आम्हालाच ठाऊक. वृंदानं जन्मात कुणाकडं साधी पेन्सिल मागितलेली नव्हती.

बुवा दारात उभे राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

"आधी निबंध दे," ते म्हणाले.

तिनं तो दिला आणि प्रवासाच्या शिणानं खुर्चीतच तिला झोप लागली. जाग आली तेव्हा दुपार उलटली होती, आणि बुवा कागद नाकाला लावून हादऱ्याची चौकशी करत होते.

निबंध थोडक्यात असा होता. हा सगळा मुलूख हजारो वर्षांपूर्वी बर्फाखाली होता. बर्फ वितळायला लागला तेव्हा त्याच्या अंगावर खड्डे पडले, आणि वितळलेल्या पाण्यानं वाहून आणलेली रेती नि खडी त्या खड्ड्यांत साठत गेली. मग सगळाच बर्फ गेला. खड्ड्यातली रेती तेवढी उघड्यावर उभी राहिली. जिथं तेव्हा खड्डा होता तिथं आज उंचवटा आहे. इथवरचं बुवांनीच शिकवलेलं.

नवं होतं ते पुढं. रस्त्याच्या खडीसाठी कडेनं कापून नेलेल्या एका उंचवट्यात तिला रेतीचे थर तुटलेले, खाली घसरलेले दिसले होते. तिचं म्हणणं असं, की बर्फाचं ओझं उतरल्यावर दबलेली जमीन वर उचलली गेली आणि हादरली. हा भूकंपाचा पुरावा आहे. तसं ठरलं तर पाठ्यपुस्तकं बदलावी लागणार होती, आणि बदललेल्या पानावर कुणाचं नाव येणार तेही उघड होतं.

"इतकी वर्षं झाली मला इथं," बुवा म्हणाले. "चहाचा कपसुद्धा हललेला नाही."

"तुमच्या कपाचं सांगत नाहीये मी. दहा हजार वर्षांपूर्वीचं सांगतेय."

"तेव्हा तू होतीस?"

"तुम्ही तरी कुठं होतात, सर?"

बुवांना हे उत्तर आवडलं असावं. त्यांनी कागदांची घडी करून खिशात घातली, कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि टोपी शोधली.

"चल. दाखव तुझा भूकंप."

दोघं गवतातून चालत निघाली. बुवा पुढं, ती मागं. वाटेत कुणी भेटलं नाही, भेटण्यासारखं कुणी नव्हतंच. वृंदा म्हणते, मागं वळून पाहिलं तेव्हा बुवांचं घर एका उंचवट्याआड गेलेलं होतं, आणि त्या क्षणी तिला वाटलं की आता आपण खरोखर कुणाचेच नाही. तिला ते बरं वाटलं. त्यासाठीच तर ती आली होती.

कापलेला उंचवटा आला. पश्चिमेच्या अंगाला रेतीची उभी भिंत उघडी पडली होती. वृंदानं झपझप खुरपं चालवून ती साफ केली.

"वाच," बुवा म्हणाले.

बुवांचा हा जुना शिरस्ता. थर मोठ्यानं वाचायचे, पोथी वाचावी तसे. खालून वर वाचायचे, जे दिसतं तेवढंच म्हणायचं, आणि त्यात 'म्हणून' हा शब्द आणायचा नाही. शब्द आला की पुन्हा तळापासून. आमच्यातल्या काही जणांची पहिली सहामाही तळातच गेली होती.

"तळाला जाड खडी," वृंदा वाचायला लागली. "तिच्यावर पिवळी रेती. मग बारीक राखाडी रेती. परत पिवळी. इथं थर तुटलाय आणि वीतभर खाली उतरलाय, पश्चिमेकडं. इथं परत तुटलाय, परत खाली, पश्चिमेकडंच. पायऱ्या पडल्यात."

एकदाही ती अडखळली नाही. शेवटचा थर वाचून तिनं बुवांकडं पाहिलं. परीक्षेत पहिला नंबर काढणाऱ्या मुलीचं पाहणं होतं ते.

"छान. आता पलीकडं जा."

"कुठं?"

"ह्याच्याच दुसऱ्या बाजूला. पूर्वेला."

वृंदा जागची हलली नाही.

"ती बाजू निबंधात नाही," बुवा म्हणाले.

"तिकडं मी गेले नव्हते."

"का?"

"वेळ नव्हता, सर. गेल्या वर्षी इथं काम चालू होतं तेव्हा मी तुम्हाला भेटलेसुद्धा नाही. ही बाजू मोजून झाली आणि... घरून फोन आला. प्रफुल्लचा. म्हणजे प्रफुल्ल गेल्याचा."

बुवांनी मान हलवली आणि खुरपं तिच्या हातात दिलं.

पूर्वेची बाजू गवताखाली होती. तिथं खणावं लागलं. वृंदानं मुळं तोडली, माती ओढली. हाताला फोड आले. बुवा नुसते बघत होते. त्यांनी मदत केली नाही, आणि तिनं मागितली नाही.

शेवटी रेती उघडी पडली.

"वाच."

"तळाला जाड खडी. वर पिवळी रेती. राखाडी. पिवळी. इथं थर तुटलाय..."

ती थांबली.

"पुढं?"

"खाली उतरलाय. पूर्वेकडं."

"आणि मधे? मधला भाग?"

ती वर चढली, माथ्यापाशी खरवडून पाहिलं, खाली आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मधे थर सपाट आहेत. एकही तुटलेला नाही. तुटलेत ते फक्त कडेचे, आणि दोन्हीकडं बाहेरच्या अंगाला कलंडलेत."

"जमीन हादरली असती तर?"

"तर मधूनही तुटले असते. सगळे एकाच दिशेला सरकले असते."

"मग?"

हुशार माणसाला आपली चूक दुसऱ्यांपेक्षा आधी दिसते, एवढाच काय तो हुशारीचा तोटा. वृंदाला ती आता पूर्ण दिसत होती. वर्षभराचं काम, पाठ्यपुस्तकातलं पान, सगळं त्या गवताच्या मुळांबरोबर बाजूला पडलं होतं.

"रेतीच्या दोन्ही अंगांना बर्फाची भिंत होती," ती सावकाश म्हणाली. "रेती तिला टेकून होती. भिंत वितळत गेली आणि कडेचा आधार..."

"हं."

"कडेचा आधार गेला."

"केवढ्या वेळात?"

"हळूहळू. कितीतरी वर्षं."

"एकदम नाही?"

"नाही. एकदम नाही."

वारा होता. बुवा एका दगडावर बसले. वृंदा खुरपं घेऊन भिंतीसमोर तशीच उभी राहिली.

"सर..."

"बोल."

"प्रफुल्ल एकदम नाही गेला."

बुवांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"खालून वाच," ते म्हणाले.

वृंदानं भिंतीकडं तोंड केलं. बुवांकडं तोंड करून तिला हे कधीच बोलता आलं नसतं.

"फेब्रुवारीत त्यानं सकाळी फिरायला जाणं सोडलं. मार्चमध्ये जिन्यात मधेच थांबायला लागला. मी वर जाऊन दारात उभी राहायचे, घड्याळ बघत. एप्रिलमध्ये पाय सुजले. सासूबाई म्हणाल्या, वृंदा, ह्याच्याकडं जरा बघ गं. मी म्हटलं, बघते. मे महिन्यात इथं यायचं तिकीट काढलेलं होतं, म्हणून मी..."

"पुन्हा."

"सर?"

"पुन्हा. तळापासून."

तिला त्यांचा राग आला. ती सांगते, इतका राग आला की खुरपं फेकावंसं वाटलं. पण बुवांसमोर वाचलेलं अर्धं टाकून उठायची सवय आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

"फेब्रुवारीत त्यानं फिरायला जाणं सोडलं. मार्चमध्ये तो जिन्यात थांबायला लागला. मी वर उभी राहायचे. एप्रिलमध्ये त्याचे पाय सुजले. सासूबाई म्हणाल्या, ह्याच्याकडं बघ. मी बघितलं नाही. मे महिन्यात..."

ह्या वेळी बुवांनी अडवलं नाही.

"मे महिन्यात त्याचे पाय सुजलेले होते. मी विमानात बसले."

मग मात्र ती रडली. वर्षभर रडली नव्हती. तेराव्याच्या दिवशीही नाही, राजीनामा देतानाही नाही. सगळ्यांना सांगत राहिली की अचानक झालं हो, काही कळलंच नाही. लोकही म्हणाले, अरेरे, आणि विषय संपला. त्या ओसाड माळावर, रेतीच्या भिंतीला कपाळ टेकून, पन्नाशी उलटलेली वृंदा बोकारे लहान मुलीसारखी रडली. मला हे सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता आणि मलाच खाली बघावं लागलं.

बुवांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. समजूतही घातली नाही. ते उठले आणि ज्या बाजूनं वारा येत होता त्या बाजूला जाऊन उभे राहिले.

तिचं रडणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, "आता घरी कोण असतं?"

"सासूबाई."

"एकट्या?"

"नणंद घेऊन जाते म्हणतेय. त्या जात नाहीत. त्याच्या खोलीतून एरवी हलतच नाहीत."

"तुला काय म्हणतात?"

"काहीच नाही. तेच सहन होत नाही, सर. त्यांनी सगळं पाहिलंय. त्या पोळी वाढतात, मी जेवते, ताट उचलते. आमच्यात त्याचं नावसुद्धा निघत नाही."

"मग त्यांच्या बाजूचं कुणी वाचलं?"

बुवांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते घराच्या दिशेनं चालायला लागले होते.

वाटेत तिनं विचारलं, "निबंधाचं काय करू?"

"त्याचं काय करायचंय. एक उंचवटा चुकला." बुवांनी चहूकडं हात फिरवला. "पुष्कळ आहेत अजून."

घरी आल्यावर बुवांनी चहा टाकला. वृंदा हात धुवायला आत गेली, आणि बोळात दगडांच्या नमुन्यांची खोकी एकावर एक रचलेली तिला दिसली. सकाळी ती तिथं नव्हती. तिनं शेजारची खोली उघडून पाहिली.

खोली रिकामी केलेली होती. केर काढलेला. खाटेवर स्वच्छ चादर, तिच्यावर दोन जाड ब्लँकेटं. खिडकीला बुवांचं जुनं धोतर दोन खिळ्यांवर पडद्यासारखं ताणलेलं होतं. टेबलावर दिवा, आणि दिव्याशेजारी एक टोक काढलेली पेन्सिल.

ती खुर्चीत झोपली होती तेव्हा बुवांनी हे सगळं केलं होतं. ऐंशीला टेकलेल्या माणसानं दगडांची खोकी एकट्यानं उचलून बाहेर काढली होती, ती जागी होऊ नये म्हणून आवाज न करता.

वृंदा दारात उभी राहिली आणि तिला फार बरं वाटलं. कुणीतरी आपल्यासाठी खोली झाडतं, यापेक्षा जास्त तिला जगाकडून काही नको होतं.

"सर, म्हणजे मी राहू?"

बुवा चहा गाळत होते. त्यांची पाठ तिच्याकडं होती.

त्यांना ती राहायला हवी होती, यात मला तरी काही शंका नाही. त्या घरात वर्षानुवर्षं मराठी बोलली गेली ती बुवांनी बुवांशीच. हिवाळ्यात दार उघडायला बर्फ उपसावा लागतो. आजारी पडलं तर पाणी द्यायला कुणी नाही. आणि इथं त्यांची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी, दोन बॅगा घेऊन, ठेवून घ्या म्हणत होती. मी असतो तर दुसरा कप भरून मोकळा झालो असतो.

"सर..."

"ऐकलं मी."

"तुम्हीही इथं राहिलातच ना?"

"मी राहिलो नाही," बुवा म्हणाले. "उरलो."

त्यांनी एकच कप भरला आणि तो तिच्यापुढं ठेवला. स्वतः उभेच राहिले. खिडकीबाहेर गवतावर उन्हं तिरपी झाली होती आणि उंचवट्यांच्या सावल्या लांब पडायला लागल्या होत्या. तिनं चहा संपवला. तो संपेपर्यंत बुवा तिच्याकडं बघत होते, आणि बघतोय हे लपवतही नव्हते.

मग त्यांनी टेबलावरची तिच्या गाडीची किल्ली उचलली, तिच्या हातात ठेवली आणि तिची बोटं आपल्या हातानं मिटवली.

वृंदाला कळेना. आत खाट घातलेली, इथं हातात किल्ली.

"मी तुम्हाला नकोय का, सर?"

बुवांनी दार उघडलं.

"हवी आहेस," ते म्हणाले. "पण ती दुसरी बाजू वाचायची राहिलीय. उजेड आहे तोवर नीघ."